जुना ड्रायव्हर आधी काढा

“तुझा ड्रायव्हर मेला वाटतं परत,” सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

मी टेबलावर हात आपटल्याचा आवाज तिथवर गेला होता. समोरचा पडदा काळा झाला होता. एका वसतिगृहाच्या जिन्याचं चित्र मी सकाळपासून कॉम्प्युटरवर उभं करत होते. पायऱ्या झाल्या होत्या, कठडा झाला होता, खिडकीतलं ऊन नुकतं खालच्या पायरीवर उतरत होतं आणि

डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते. आता तो पूर्ववत झाला आहे.

ऊन गेलं. कठडा गेला. पडदा उजळला तेव्हा कोपऱ्यात तो छोटा फुगा आला होता आणि त्यात इंग्रजीतलं हेच वाक्य होतं. मी ते इतक्यांदा वाचलं होतं की मनातल्या मनात त्याचं मराठी करून टाकलं होतं.

“मेला नाही आई, बेशुद्ध पडला होता,” मी म्हटलं. “आला भानावर.”

“कुठला गं? तुझा की आपला?”

पोर्चमधून आवाज आला, “मी हितंच हाय आक्का! जित्ता!”

सासूबाई हसल्या. मीही हसले. त्या घरात मी शेवटचं मोकळं हसले ते बहुतेक तेव्हाच.

पुन्हा सुरू करते. ही गोष्ट अशीच सांगता येते मला. थोडी चालते, मग पडदा जातो, मग जरा मागून सुरू करावी लागते.

सांगलीत, विश्रामबागेच्या अलीकडे आमचा बंगला होता. आमचा म्हणजे माझा नवरा विश्वजित, सासूबाई आणि मी. दारात गाडी होती आणि गाडीला ड्रायव्हर होता. त्याचं नाव रावसाहेब कोळी. आमच्याकडे रावसाहेब हे नाव पुष्कळांचं असतं, पण माझ्या दिवंगत सासऱ्यांना सगळा गाव रावसाहेब म्हणायचा. सासूबाईंचं म्हणणं, “ह्यांच्या नावानं मी नोकराला हाक मारू? गाडी धू रावसाहेब, म्हणू?” म्हणून त्या घरात त्याला नाव नव्हतं. ड्रायव्हर, चहा घे. ड्रायव्हर, दळण आण. मी लग्न होऊन आल्यावर ‘दादा’ म्हणायला लागले.

मी घरून काम करायचे. आर्किटेक्टांचे नकाशे घेऊन, इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायची. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. माझं कार्ड त्या उन्हाळ्यात सारखं मान टाकायला लागलं. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम, हे सासूबाईंना समजावताना मी म्हटलं होतं, “कार्ड ही गाडी समजा आणि हा ती चालवणारा.”

“मग गाडी बंद पडली की शिव्या चालवणाऱ्यालाच?”

“हो. पहिल्यांदा त्यालाच.”

तेव्हापासून घरात दोन ड्रायव्हर झाले आणि कुठला कुठला, ही चेष्टा सुरू झाली. विश्वजितनं तर रावसाहेबांना एकदा विचारलं, “काय ड्रायव्हर, तुझा अपडेट कधी आला?” ते म्हणाले, “दिवाळीला एक शर्ट आल्ता साहेब.”

कॉम्प्युटर होता स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या बोळात. दुसरीकडे वायरिंग करायला विश्वजितला वेळ नव्हता. एका बाजूनं फोडणीचा धूर, दुसऱ्या बाजूनं धूप. टेबलाखाली कॅबिनेट उभं मावत नव्हतं, म्हणून आडवं झोपवून ठेवलेलं. त्याची हवा खेळायची जाळी वरच्या बाजूला आलेली.

विश्वजित सकाळी त्या खुर्चीत बसायचा. पेपर कॉम्प्युटरवर वाचायचा आणि पाय कॅबिनेटवर टाकायचा. आंघोळीनंतरचे ओले पाय. मी बसायला जायचे तेव्हा माउस तेलकट असायचा, लोणच्याच्या बोटांचा. खुर्ची त्याच्या अंगाची गरम. कान कोरायला त्याला गाडीची चावी लागायची. चावी कानात घालून डोळे अर्धे मिटून तो फिरवायचा, टोक उजेडात धरून बघायचा, आणि निघताना तीच चावी रावसाहेबांच्या तळहातावर ठेवायचा. रावसाहेब खिशातून फडकं काढायचे, चावी पुसायचे आणि मग गाडीला लावायचे. मी खिडकीतून बघायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा, पण त्याला मी तेव्हा संसार म्हणायचे.

सासूबाईंना मुलाच्या एका गोष्टीचं फार कौतुक होतं. घरात नखं सांडली की भांडणं होतात, असं त्या मानायच्या. “माझा विशू बघ,” त्या म्हणायच्या, “इथं बसून नखं काढतो, पण एक नख खाली दिसायचं नाही. नाहीतर तुमच्या माहेरी.”

खरंच दिसायचं नाही. मला वाटायचं, कागदात गोळा करून टाकत असेल.

दुरुस्तीचं सांगते. ड्रायव्हर नवा टाकून बघितला. पडदा गेला. नेटवर एक गृहस्थ लिहीत होते की नव्यानंच बिघडतं, जुना काही वर्षांपूर्वीचा आणा. तो आणला. पडदा गेला. दुसऱ्याचं म्हणणं, जुना ड्रायव्हर आधी काढा, पूर्ण काढा, त्याच्या खाणाखुणा राहतात त्याही काढा, मग घाला. सेफ मोडमध्ये जाऊन काढला. सेफ मोडमध्ये सगळं मोठं, फिकट आणि शांत दिसतं. घातला. जिन्यावर ऊन आलं, कठड्याची सावली पडली, मी श्वास रोखला आणि

डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते.

मी कुठं होते? दुरुस्ती. नाही, ती दुपार.

त्या दुपारी गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. लांब, पुन्हा लांब. रावसाहेब कधी हॉर्न वाजवत नसत. ते उतरून स्वतः गेट उघडायचे. मी जाऊन उघडलं तर गाडीत विश्वजित एकटा. चालवायच्या बाजूनं उतरला. बंपर एका बाजूला लोंबत होता.

“काय झालं?”

“काही नाही, कुंपणाला घासली. गॅरेजला द्यायचीय.”

“दादा कुठायत?”

“गावाला गेला. सुट्टी दिली.”

आत येऊन तो माझ्या खुर्चीत बसला. मी पाणी आणलं. तो चावी कानात घालून फिरवत होता, नेहमीपेक्षा जोरात. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. बडीशेपेखाली दुसराही होता. सासूबाई आल्या, दोघं देवघरात गेली आणि दार लोटून बराच वेळ बोलत बसली.

संध्याकाळी त्यानं मला विचारलं, “तुझ्या कॉम्प्युटरचं काय ठरलं? नक्की होतं तरी काय त्याला?”

महिनाभर मी तेच सांगत होते आणि तो महिनाभर ‘हं’ म्हणत होता. त्या दिवशी त्यानं खुर्ची ओढली, समोर बसला आणि ऐकलं. मध्ये प्रश्नही विचारले. “म्हणजे एकदम ब्लॅकआउट? आणि मग स्वतःच परत येतो? मधलं काहीच राहत नाही?” मला भरून आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं. नवऱ्यानं नीट ऐकलं म्हणून.

“मी बोलतो कुणाशी तरी,” तो म्हणाला. “ओळखीचे आहेत एक साहेब.”

दोनतीन दिवसांनी सकाळी तो मोबाइल हातात घेऊन बोळात आला. “घे, बोल. साहेब आहेत. ड्रायव्हरचं विचारायचंय म्हणतात. मला सांगितलंस ना, तसंच सांग.”

पलीकडून सभ्य, जरा थकलेला आवाज. “नमस्कार मॅडम, घेवारी बोलतोय. कॉल रेकॉर्ड होतोय, चालेल ना?”

“चालेल की.” सर्व्हिस सेंटरवाले नेहमीच रेकॉर्ड करतात.

“ड्रायव्हरचा नक्की काय प्रॉब्लेम आहे, तुमच्या शब्दांत सांगा.”

“मध्येच ब्लॅकआउट होतो. चांगलं चाललेलं असतं आणि काही कळायच्या आत काळोख.”

“पूर्ण?”

“पूर्ण. कशालाच प्रतिसाद नाही. मग आपोआप भानावर येतो.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर काही झालंच नाही असा चालायला लागतो. पण मधलं सगळं गेलेलं असतं. काही म्हणजे काही राहत नाही.”

“आठवत नाही.”

“नाही ना. तोच तर वैताग आहे.”

“हे तुम्ही स्वतः बघितलंय?”

“स्वतः म्हणजे? माझ्या डोळ्यांसमोर होतं. रोज.”

“रोज?” कागद उलटल्याचा आवाज आला. “ठरावीक वेळी होतं का?”

“ताण पडला की. आणि उन्हाचं जास्त. गरम झाला की गेलाच.”

“मग आधी कुणाला दाखवलं नाहीत? म्हणजे कधीपासून—”

विश्वजितनं माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला. “पुढचं मी सांगतो, सर,” म्हणत तो पोर्चमध्ये गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. ‘शाब्बास’ म्हणाला.

संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी भडंग आणली. मला आवडते तशी, लसूण जास्त असलेली. मी ती सगळी खाल्ली. आजही कुणी भडंग पुढं केली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण ते मळमळीचं असतं.

साहेब काही आले नाहीत. “येतील गं,” विश्वजित म्हणायचा. वसतिगृहाच्या आर्किटेक्टबाई रोज फोन करत होत्या. शेवटी एका सकाळी मी स्वतःच कॅबिनेट ओढून बाहेर काढलं. कार्ड काढायचं, त्याच्या पितळी पट्ट्या खोडरबरानं घासायच्या आणि परत बसवायचं. आमच्याकडे कुठल्याही दुरुस्तीवाल्याचा हा पहिला उपाय असतो. विश्वजित घरीच होता, गाडी नसल्यानं उशिरा जायचा. टेबलावर पोहे खात होता. बोळातूनही त्याचं चावणं ऐकू येत होतं.

मी स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आधी वास आला. जुन्या तेलाचा, धुपाचा, आणि त्याखाली माणसाचा. आत सगळ्यावर काळसर चिकट साय धरली होती. बोट लावलं तर बोटाबरोबर तार आली. एका कोपऱ्यात झुरळांची रिकामी अंडी होती. मी कार्ड उपसून उजेडात धरलं. त्याच्या पंख्याची पाती दिसतच नव्हती. राखाडी लगदा होता, आणि त्या लगद्यात पिवळट चंद्रकोरी रुतलेल्या होत्या. लहान, मोठ्या, एक चांगली जाड, अंगठ्याची.

मला वाटलं, प्लॅस्टिक तुटलं असेल. एक उचलली. कडेला मळाची काळी रेघ होती.

नखं होती.

तो पाय वर टाकून बसायचा, नखं कापायचा आणि जाळीतून आत सोडायचा. खाली सांडू नयेत म्हणून. आईनं कौतुक करावं म्हणून. वर्षानुवर्षं. पंखा फिरायचा आणि ओढून घ्यायचा. धुपाच्या काजळीत, फोडणीच्या तेलात ती नीट चिकटून बसली होती. पंख्याला बोटानं ढकललं तर तो हललाच नाही. कार्ड तापत होतं, तापून मान टाकत होतं, आणि मी महिनाभर ड्रायव्हर बदलत होते.

मी परत स्क्रू काढायला घेतले. पंखा कार्डापासून सोडवून हातात घेतला, तेवढ्यात गेटवरून हाक आली.

“वैनी, कामात हाय काय?”

रावसाहेब गेटच्या बाहेरच उभे होते. एरवी ते सरळ पोर्चमध्ये यायचे. दाढी वाढलेली. मला वाटलं, गावाहून आले.

“या ना दादा, आत या.”

“न्हाई, हितंच बरं हाय. माझा डबा ऱ्हायलाय गाडीत, पर गाडीच न्हाई.” त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं, मग खाली. “एक इचारायचं हुतं. राग मानू नका.”

“बोला.”

“मला फिट येत्यात म्हणून तुमी सांगितलासा म्हणं. फोनवर.”

“मी?”

“गाडीच्या इम्याचं साहेब आल्तं घरला. घेवारी का कोण. मी म्हटलं, गाडी आमचं साहेब चालवत हुतं, मी शेजारी बसलोवतो. त्यो म्हणाला, तुमाला आठवत नसंल, तुमास्नी काळोखी येत्या. घरच्या बाईनं सांगितलंय. रोज येत्या म्हटलंय. रेकॉर्ड हाय म्हणाला.”

घेवारी. त्या थकलेल्या आवाजाचं नाव. चालेल ना, चालेल की, आणि

प्रतिसाद देणे थांबवले होते.

प्रतिसाद देणे

“वैनी? ऐकताय न्हवं?”

“कसली गाडी, दादा? काय झालं होतं?”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला काही माहीत नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. मग गेटच्या सळीला धरून हळू आवाजात सांगितलं. फार्महाउसवर पार्टी होती. निघताना विश्वजितनं चावी काढून घेतली. “म्या म्हटलं, द्या हिकडं साहेब. म्हणालं, बस गप शेजारी.” मिरजेच्या रस्त्याला कडेला एक माणूस सायकलीत हवा मारत बसला होता. “पंप हातात तसाच. कंबर मोडली त्येची. मी त्येला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, साहेब गाडी घिऊन हिकडं आलं.” आता विश्वजितचं म्हणणं असं की गाडी ड्रायव्हरच चालवत होता, ड्रायव्हरनंच ती घरी आणली.

“खोटं बोलतोय म्हटलं असतं तर बरं झालं असतं,” रावसाहेब म्हणाले. “दोन शब्द मी बोललो असतो, दोन त्ये. पर आठवतच न्हाई म्हणत्यात. आता मी कायबी सांगिटलं तरी त्येला किंमत न्हाई. आन फिटवाल्याला लायसन कोण ठेवू दील? दुसरं मला काय येतंय?”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचं संपलं नव्हतं.

“म्हणून इचारतो. तुमी बघितलासा काय कवा? मला आल्याली? तुमी काय खोटं बोलायच्या न्हाई, म्हणून मलाच वाटाय लागलं, येत असंल बी. झोपंत येत असंल. बायकुला दोन राती जागी ठिवली, बग म्हणून. ती म्हणाली, घोरताय निस्तं.”

“दादा, मी कॉम्प्युटरचं सांगितलं होतं. त्याच्या ड्रायव्हरचं. मला वाटलं, दुरुस्तीवाले आहेत.”

त्यांनी गेटची सळी सोडली. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं, सुटल्याचं, आपण धडधाकट असल्याचं. ते अर्ध्यातच थांबलं.

“मग साहेबास्नी म्हाईत हुतं की,” ते म्हणाले. “दोन ड्रायव्हर हायत त्ये. चेष्टा त्येच करत हुतं.”

मी आत गेले.

विश्वजित पोह्यांवर लिंबू पिळत होता. सासूबाई त्याच्यासाठी चहा गाळत होत्या. त्याचा मोबाइल ताटलीजवळ पडला होता. मी हातातला पंखा ताटली आणि मोबाइल यांच्यामध्ये ठेवला, नखांची बाजू वर करून.

“शी!” तो मागं सरकला. “काय घाण आहे ही! जेवायच्या टेबलावर?”

“तुझीच आहेत.”

त्यानं बघितलं. ओळखलं. सासूबाईंनीही वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

“उचल आधी ते. मी खातोय ना.”

“दादा आलेत गेटवर. सायकलवाल्याचं सांगितलं मला.”

चहा गाळायचा थांबला. विश्वजितनं चमचा ठेवला, रुमालानं तोंड टिपलं आणि त्याच्या कारखान्यात कामगारांशी बोलताना काढतो तो आवाज काढला. “केतू, शांतपणे ऐक. तू काही खोटं बोललीस का? नाही. त्यांनी ड्रायव्हरचं विचारलं, तू ड्रायव्हरचं सांगितलंस. मी तरी काय वेगळं बोललो? मी पण ड्रायव्हरच म्हटलं. ह्या घरात कुणीच खोटं बोललेलं नाही.”

हे तो समजावून सांगत होता. त्याला ते खरंच पटलेलं होतं. दातात पोह्याची मिरची अडकली होती, ती जिभेनं काढत तो मला हे सांगत होता.

“घरातलं घरात राहू दे बाळा,” सासूबाई म्हणाल्या. “ड्रायव्हरला दुसरीकडं कुठं लावून देईल की विशू. एवढं काय.”

“नाव काय त्यांचं?” मी विचारलं.

“कुणाचं?”

“ड्रायव्हरचं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

मी मोबाइलकडे बघितलं. विश्वजितनंही बघितलं. त्याचा हात माझ्या आधी निघाला, पण मध्ये पंखा होता. बोटं त्या लगद्याला लागली आणि त्यानं हात झटकन मागं घेतला, चटका बसल्यासारखा. मी मोबाइल उचलला. माझे हात काळेच होते. कॉलच्या यादीत घेवारींचं नाव वरच होतं.

“बोला साहेब,” घेवारी म्हणाले.

“साहेब नाही. त्यांची बायको बोलतेय, केतकी. परवा आपण बोललो. तुम्ही माझा कॉल रेकॉर्ड केला होता. आत्ताचा पण करा.”

“होतोच आहे मॅडम. बोला.”

“परवा मी जे सांगितलं, ते कॉम्प्युटरचं होतं.”

“कशाचं?”

“कॉम्प्युटरला एक ड्रायव्हर असतो. डिस्प्ले ड्रायव्हर. तो बंद पडत होता. ब्लॅकआउट त्याला होत होता. मला तुम्ही दुरुस्तीवाले वाटलात. माझ्याकडे फोन देताना तसंच भासवलं होतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग घेवारी अगदी हळू म्हणाले, “गरम झाला की जातो, म्हणालात.”

“हो.”

“तेव्हाच मला जरा…” त्यांनी घसा साफ केला. “मग तुमच्या ड्रायव्हरला, म्हणजे माणसाला, काही त्रास?”

“त्यांचं नाव रावसाहेब कोळी. ड्रायव्हर लिहू नका, नाव लिहा. त्यांना कसलाही त्रास नाही. त्यांना सगळं आठवतं. जे विचारायचं ते त्यांनाच विचारा.”

“केतकी, फोन ठेव,” विश्वजित म्हणाला. तो मोरीच्या नळाखाली बोटं चोळत होता. साबण लावून. पुन्हा पुन्हा.

“एकच मॅडम,” घेवारी म्हणाले. “साहेबांचा जबाब आहे की त्या दिवशी त्यांनी गाडीच्या चावीला हातच लावला नव्हता. गाडी कोळींनी घरी आणून लावली. तुम्ही होतात घरी?”

“होते. गेट मीच उघडलं. गाडीत हा एकटा होता, चालवायच्या बाजूनं उतरला. चावी त्याच्याकडे होती.”

“हातात बघितलीत?”

“नाही. कानात.”

“कानात?”

“हो,” मी म्हटलं. “कानात. तसंच लिहा.”

त्यानंतरचं फार नाही. रावसाहेबांचं लायसन राहिलं. विश्वजितचं काय व्हायचं ते कोर्टात पुष्कळ वर्षं रेंगाळलं, आणि तोवर मी त्या घरात नव्हते. बाहेर पडले त्या दिवशी सामान न्यायला रावसाहेबच आले, एका फर्निचरवाल्याचा टेम्पो घेऊन. आता ते हाच चालवायचे. सामान थोडंच होतं. कॅबिनेट मी मागं ठेवू दिलं नाही, पुढं मांडीवर घेतलं. आतून ते मी स्पिरिटनं कितीदा पुसलं होतं कुणास ठाऊक, तरी मला वास येत होता.

सासूबाई दारात आल्या नाहीत.

रावसाहेबांनी कॅबिनेटवर बोटानं टकटक केली. “ह्यात नवा ड्रायव्हर घातला काय, वैनी?”

“नाही. पंखा बदलला. ड्रायव्हर जुनाच आहे.”

“चालतोय?”

“व्यवस्थित.”

त्यांनी टेम्पोची चावी काढली. दुसऱ्या हातानं खिशातून फडकं काढलं आणि चावी पुसायला लागले. दोन घासे दिल्यावर थांबले, चावी उजेडात धरून बघितली. ती स्वच्छच होती. मग माझ्याकडे न बघता त्यांनी फडक्याची घडी केली आणि ते खिडकीतून बाहेर, बंगल्याच्या गेटवर टाकलं.